कापूस, काउंटी आणि मक्त्याने केलेलं वावर

सीतादही

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून लिहायचं होतं, गेल्या आठवड्यातल्या एका फोनने हात धरून लिहायला बसवलं.

आमचं घर यवतमाळ जिल्ह्यात. घरचं चार एकर कोरडवाहू, आणि भाऊ दुसऱ्याचं सात एकर मक्त्याने, म्हणजे ठरलेल्या रोख भाड्याने, करतो. मक्ता पेरणीआधीच रोख मोजून दिलेला. पऱ्हाटी जोमात होती, पण बोंडं फुटायच्या वेळेला पाऊस लागून राहिला आणि कापूस झाडावरच काळा पडला. पंचनामा झाला, मदत मंजूर झाली, आणि त्या सात एकरांची रक्कम मालकाच्या खात्यात जमा झाली. सातबारा त्यांच्या नावावर आहे ना. माणूस वाईट नाही, नागपूरला नोकरीत आहेत, त्यांनी आपणहून अर्धे पैसे भावाला दिले. पण भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, बियाणं माझं, खत माझं, मजुरी माझी, मक्ताही मीच मोजला. आणि आता उपकार त्यांचे." त्यावर मला काही बोलता आलं नाही.

मी आठ वर्षांपासून टेक्सासात आहे, लबक शहराच्या दक्षिणेला. नवरा विद्यापीठात, मी एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, ऑफिसात हिशेब बघते. आजूबाजूला सगळा कापूस. दसरा-दिवाळीच्या सुमारास यार्डात पिवळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कापसाचे मोठाले गोल गठ्ठे ओळीने मांडलेले असतात, आणि जिन चालू झाला की सरकीचा तोच वास येतो जो आमच्या गावच्या जिनिंगमध्ये यायचा. तेव्हा घर फार आठवतं.

इथला सरकारी पैसा शेतकऱ्यापर्यंत कसा येतो ते सांगते, कारण भावाच्या प्रश्नाचा संबंध त्याच्याशी आहे.

टेक्सासात 254 काउंट्या आहेत. आमच्याकडची एक काउंटी म्हणजे साधारण तीस मैल लांब, तीस मैल रुंद चौकोन, आपल्या दोनेक तालुक्यांएवढी. शेतीच्या योजनांचा कारभार फार्म सर्व्हिस एजन्सी या केंद्राच्या कृषी खात्याच्या शाखेच्या काउंटी ऑफिसातून चालतो. प्रत्येक शेताला त्यांच्याकडे एक नंबर असतो, नकाशा असतो. पेरणी झाली की शेतकरी तिथे जाऊन कुठल्या तुकड्यात काय पेरलं ते नोंदवतो. कापसाची मुदत बहुतेक ठिकाणी 15 जुलैपर्यंत असते. त्या कागदावर पिकाच्या नावाशेजारी एक रकाना असतो: वाटा कोणाचा किती.

हा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

इकडे जुनी रीत अशी की धान्याला जमीनमालकाचा तिसरा हिस्सा आणि कापसाला चौथा. आमच्या ऑफिसात एका म्हाताऱ्या बाईंचं खातं आहे. नवरा वारल्यावर त्या दुसऱ्या शहरात मुलीकडे राहायला गेल्या, जमीन शेजारचा माणूस कसतो. गाठी विकल्या गेल्या की मी त्या शेताच्या नंबरावर 75 आणि 25 टाकते, दोन चेक निघतात, एक कसणाऱ्याचा, एक बाईंचा. काउंटी ऑफिसातही त्यांचा वाटा तसाच नोंदलेला आहे. त्यामुळे भाव पडल्याची भरपाई आली तरी पाऊण त्याला, पाव बाईंना. पिकाचा विमाही दोघं आपापल्या वाट्यापुरता काढतात. कोणी कोणाला उपकाराचे पैसे देत नाही.

पण हे इथे आपोआप झालेलं नाही, आणि ते सांगितल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. 1933 साली मंदीत कापसाचा भाव कोसळला होता. सरकारने ठरवलं, पीक कमी करायचं. उभ्या कापसात नांगर घातले, सुमारे एक कोटी एकर, आणि त्याबद्दल पैसे दिले. करार जमीनमालकाशी, चेकही मालकाच्या नावाने. बटाईदाराला, म्हणजे वाट्याने जमीन कसणाऱ्याला, त्यातला हिस्सा मालकाने द्यावा अशी अपेक्षा होती. कित्येकांनी दिला नाही. उलट पेरा कमी झाल्यावर माणसं कशाला हवीत म्हणून बटाईदारांची कुटुंबं वावरातल्या झोपड्यांतून बाहेर काढली. त्याच रागातून 1934 मध्ये आर्कान्सातल्या टायरोन्झा गावी बटाईदारांची संघटना उभी राहिली, काळे आणि गोरे एकत्र, त्या काळच्या दक्षिणेत. पुढे 1938 च्या कायद्यात पैसा पिकातल्या वाट्याप्रमाणे वाटायचं आलं. त्या रकान्यामागे घरं उठवली गेलेल्या लोकांचं रडणं आहे.

भावाच्या सात एकरांचा रकाना कुठे आहे, हे मला तुम्हा लोकांना विचारायचं आहे.

हिशेबनीस

ताई, लेख मनापासून वाचला. माझा प्रश्न थोडा वेगळा. भाव पडल्याची भरपाई म्हणजे नेमकं काय? आपल्यासारखा हमीभाव आहे का? सरकार कापूस विकत घेतं का?

सीतादही

नाही, सरकार खरेदी करत नाही. मला समजलं तसं सांगते.

कायद्यात कापसाला, म्हणजे सरकीसकट कापसाला, एक संदर्भ भाव ठरवलेला आहे. 2018 पासून तो पौंडाला 36.7 सेंट होता. बाजारातला वर्षभराचा सरासरी भाव त्याच्या खाली गेला की फरक शेतकऱ्याच्या खात्यात येतो, तोही पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरनंतर. 2025 च्या जुलैत झालेल्या कायद्याने हा भाव 42 सेंट केला.

मी बसून क्विंटलचा हिशेब केला. डॉलर 85 रुपये धरला तर 36.7 सेंट म्हणजे क्विंटलला साधारण 6,900 रुपये, आणि 42 सेंट म्हणजे जवळपास 7,900. आपल्याकडे मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 2024-25 ला 7,121 होता, 2025-26 ला 7,710. आकडे किती जवळ आहेत बघा! मी दोनदा पडताळून पाहिले.

फरक पडतो तो पैसे मिळण्याच्या पद्धतीत. भावाला हमीभाव हवा तर सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्रावर नोंदणी, ओलाव्याची तपासणी, गाडीची रांग. हाताशी पैसा नसला की तो गावातच व्यापाऱ्याला कमी भावाने घालून मोकळा होतो. इथला शेतकरी कापूस हवा तिथे, हवा तेव्हा विकतो, फरकाची रक्कम वेगळी येते.

आणि एक गोष्ट मला आजही पचत नाही. ही भरपाई या वर्षी पेरलेल्या एकरांवर मिळत नाही. पूर्वी कधीतरी त्या शेतात किती कापूस होता त्याची जुनी नोंद असते, तिला बेस एकर म्हणतात, त्याच्या 85 टक्क्यांवर मिळते. समजा 100 बेस एकर, नोंदलेला उतारा एकरी 1,800 पौंड आणि भाव 4 सेंटने पडला, तर 6,120 डॉलर. त्या वर्षी तिथे ज्वारी पेरलेली असली तरी. आणि शेजारच्या नव्या माणसाने खरोखर कापूस पेरला पण त्याच्या जमिनीला बेस नाही, तर त्याला शून्य. नव्या कायद्यात आणखी बेस द्यायची तरतूद केली आहे, ती याच तक्रारीमुळे.

काळीमाती

अमेरिकेच्या कापूस अनुदानाचं कौतुक विदर्भातल्या माणसाने वाचायचं म्हणजे जड जातं. ताईंचा हेतू चांगला आहे, मान्य. पण त्या पैशाच्या जोरावर तिथे कापूस पिकत राहिला, जगाच्या बाजारात स्वस्त येत राहिला, आणि भाव आमचा पडला. 2002 मध्ये ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली होती. 2004 मध्ये निकाल अमेरिकेच्या विरुद्ध लागला, अपिलातही तेच. तरी योजना तशाच रेटल्या. शेवटी 2010 पासून ब्राझीलने बदल्याचे कर लावू नयेत म्हणून अमेरिकेने त्यांच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षाला 14.73 कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, आणि 2014 मध्ये 30 कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे चार गरीब देश 2003 पासून ओरडत होते, त्यांच्या हातात काय पडलं? वर 2025 च्या ऑगस्टमध्ये आपल्या सरकारने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं, ऐन नवा कापूस यायच्या तोंडावर.

सीतादही

काळीमाती दादा, एक शब्दही खोडणार नाही. कौतुक करायला लिहिलं नाही, मला तो एक रकाना दाखवायचा होता. 2014 च्या कायद्यात कापूस भाव-भरपाईतून बाहेर काढला तो ब्राझीलच्या खटल्यामुळेच, आणि 2018 मध्ये 'सरकीसकट कापूस' असं नवं नाव देऊन परत आत घेतला.

आतल्या खोडीही सांगते. या भरपाईला एका माणसामागे वर्षाला 1,25,000 डॉलरची मर्यादा होती, आता 1,55,000 आहे. पण नवरा-बायको मिळून दुप्पट, आणि भागीदारी संस्था केली की जितके भागीदार तितक्या मर्यादा. मोठे लोक वकिलाकडून कागद करून घेतात. 2019 मध्ये चीनशी व्यापारयुद्ध झालं तेव्हा एकरी मदत काउंटीनुसार ठरवली होती, 15 डॉलरपासून 150 डॉलरपर्यंत. रस्त्याच्या या बाजूला एक दर आणि पलीकडे दुसरी काउंटी म्हणून दुसरा.

आणि काउंटी ऑफिसाचा कारभार बघणारी काउंटी कमिटी. तीन ते अकरा शेतकरी असतात, शेतकऱ्यांनीच निवडून दिलेले. ऐकायला किती छान! पण दक्षिणेत वर्षानुवर्षं या कमिट्यांवर गोरेच होते आणि काळ्या शेतकऱ्यांचे कर्जाचे अर्ज पडून राहायचे, पेरणी उलटून गेल्यावर मंजूर व्हायचे. त्यावरचा पिगफर्ड खटला 1999 मध्ये मिटला, एक अब्ज डॉलरहून जास्त भरपाई द्यावी लागली. तोवर कितीतरी जणांची जमीन हातची गेली होती.

बांधावरून

ताई, मी हिंगोलीकडचा. घरची दोन एकर, बाकी नऊ एकर दुसऱ्यांची. तुमच्या भावाचा धागा म्हणजे माझाच धागा आहे, म्हणून मोबाईलवरून जमेल तसं लिहितो.

पीएम किसानचे सहा हजार आणि नमो शेतकरीचे सहा हजार मला मिळतात, ते घरच्या दोन एकरांवर. दोनच्या जागी पंचवीस गुंठे असते तरी तेवढेच मिळाले असते. माझ्या शेजारी एक जण आहे, त्याच्या नावावर एक गुंठा नाही, पण सात एकर सोयाबीन-कापूस दरवर्षी करतो. त्याला शून्य. गावात सगळ्यात जास्त घाम गाळणारा माणूस तो, आणि सरकारच्या दृष्टीने तो शेतकरीच नाही.

2023 च्या खरिपात कापूस आणि सोयाबीनचा भाव पडला म्हणून हेक्टरी पाच हजार जाहीर झाले, दोन हेक्टरपर्यंत. माझ्याकडच्या नऊ एकरांचे मालक तिघं. एकाने फोन करून सांगितलं, पैसे आले, घेऊन जा. एकाने उचललाच नाही. तिसऱ्या तर बाई आहेत, त्यांना पैसे कशाचे आले तेच कळलं नव्हतं, मीच सांगितलं. त्यांनी अर्धे दिले. मी पाया पडून घेतले. घरी आल्यावर बायको म्हणाली, पाया कशाला पडलात.

ई-पीक पाहणी मी स्वतः करून देतो, मोबाईल माझा, फोटो मी काढतो, वावरात उभा मी. नोंद मालकाच्या खात्यावर. मागे वडिलांच्या पेटीत एक जुना सातबारा सापडला, पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. त्यावर 'जमीन करणाऱ्याचे नाव' असा रकाना होता. मी तो कितीदा तरी वाचला. म्हणजे आपल्या कागदावर जागा होती.

पीकविम्याला भाडेकरार नोंदणीकृत लागतो. कोण करून देतो सांगा?

नदीकाठ

बांधावरून दादा, मी त्या दुसऱ्या बाजूचा. आमची जमीन परभणीकडे, मी पुण्यात, आई माझ्याकडे. आठ एकर गावातल्याच एकांना बटईने दिली आहे, वडिलांच्या वेळेपासून. तुमचं वाचून झोप लागली नाही.

नोंदणीकृत करार आम्ही कधी केला नाही, आणि त्याचं कारण भीती. आजोबांची बारा एकर कुळात गेली. कसणारी कुळं जमिनीची मालक ठरली ती 1 एप्रिल 1957 ही तारीख पश्चिम महाराष्ट्रातली, आमच्या मराठवाड्याचा कायदा वेगळा, पण घरात 'कूळ लागलं' हे शब्द मयताची बातमी सांगावी तसे बोलले जायचे. कसेल त्याची जमीन हा न्यायच होता, आजोबा सावकारी वृत्तीचे होते हे मी नाकारत नाही. पण आईच्या मनात एकच बसलं आहे, कागदावर दुसऱ्याचं नाव आलं की जमीन गेली. तिच्याकडे म्हातारपणाला तेवढंच आहे. माझ्यासारखे शहरात राहणारे हजारो जण जमीन कसणाऱ्याला तोंडीच देतात, दर दोन वर्षांनी माणूस बदलतात, ते याच धास्तीपायी.

सीतादही

नदीकाठ, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, फार बरं वाटलं. माझ्या मते गाठ इथेच आहे. इथल्या त्या म्हाताऱ्या बाईंना वाटा लिहून द्यायला भीती वाटत नाही, कारण त्या कागदाने मालकी हलत नाही. करार संपला, जमीन परत. आपल्याकडे कूळ कायद्याने ज्यांना जमीन मिळाली त्यांचं भलं झालं, पण त्याच कायद्याच्या धाकाने आजचा मक्त्यावाला कागदावरून पुसला गेला. 2016 मध्ये नीती आयोगाने जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा दिला होता: मालकी मालकाची पक्की, आणि कर्ज, विमा, नुकसानभरपाई कसणाऱ्याला. राज्यांनी तो आपापल्या परीने करायचा होता.

पैनगंगेपल्याड

मी आदिलाबादचा, घरी मराठी, सरकार तेलंगणाचं. आमच्याकडे 2018 पासून रयतु बंधूमध्ये एकरी पैसे थेट मिळू लागले, हंगामाच्या आधी, खताबियाण्याच्या वेळेला. चांगली गोष्ट होती. पण तेही पट्टा पासबुक, म्हणजे जमिनीच्या मालकीचं पुस्तक, ज्याच्या नावावर त्यालाच. हैदराबादला बंगला असलेल्या पन्नास एकरवाल्यालाही प्रत्येक एकराचे, आणि कौलाने (तुमच्याकडच्या मक्त्याने) करणाऱ्याला काही नाही. उलट कौल वाढला, कारण जमिनीला आता सरकारी उत्पन्न सुरू झालं. ओडिशाने कालिया योजनेत बटाईदार आणि भूमिहीन घेतले होते. आंध्रने 2019 मध्ये कायदा करून कौलदाराला अकरा महिन्यांचं पीक-हक्क कार्ड दिलं, पण त्यावरही मालकाची सही लागते. म्हणजे गाडी तुमच्या भीतीपाशीच येऊन अडते.

सीतादही

कौल वाढला हे अगदी खरं असणार. इथेही तेच दिसतं. वाट्याची रीत आता मागे पडत चालली आहे, मालक रोख भाडं मागतात. रोख भाड्यात सगळी सरकारी मदत कसणाऱ्याची, कागदावर. मग मालक भाडं ठरवतानाच ती मदत धरून चालतो. पैसा आला शेतकऱ्याच्या खात्यात, राहिला जमिनीच्या किमतीत. काही मालक तर जमीन सरकारच्या पडीक योजनेत घालतात, 1985 पासूनची योजना आहे, दहा-पंधरा वर्षं गवत लावून ठेवायचं आणि वर्षाला भाडं घ्यायचं. धुळीची वादळं झेललेल्या या भागाला गवत लागतंच, ते चुकीचं नाही. पण त्या दिवशी कसणाऱ्याचं वावर गेलं. काउंटीतल्या लागवडीच्या जमिनीपैकी पावपेक्षा जास्त या योजनेत घालायची नाही असा नियम आहे, नाहीतर आमच्यासारखे जिन, बियाण्याची दुकानं, सगळं बंद पडेल.

हिशेबनीस

मी आयकर भरणारा शहरातला माणूस, शेती नाही. इतके दिवस 'शेतकऱ्याला किती देणार' एवढंच भांडत आलो. कोणाच्या खात्यात जातं हा प्रश्न कधी विचारला नव्हता. आता शेतकरी ओळख क्रमांक काढत आहेत, तोही सातबाऱ्याला जोडलेला. म्हणजे पुढच्या सगळ्या योजनांतून बांधावरूनदादांचे नऊ एकर सुटणार असं मला दिसतं. चुकत असेन तर सांगा.

बांधावरून

चुकत नाही साहेब. क्रमांक काढला, त्यात दोनच एकर आले.

नदीकाठ

काल आईशी बोललो. तिला ताईंच्या जिनिंगमधल्या बाईंची गोष्ट सांगितली, त्यांचा पाव वाटा घरबसल्या येतो ती. आई म्हणाली, तिचा मुलगा वकील असेल. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, अकरा महिन्यांचा कागद करता येतो का ते विचार. गावी ज्यांना जमीन दिली आहे त्यांचं नाव तिला माहीत आहे, त्यांच्या मुलींचीही नावं माहीत आहेत. यंदाचे मदतीचे पैसे आमच्या खात्यात आले होते, ते मी आज सकाळी त्यांना पूर्ण पाठवले.

इथे कोणी वकील असतील तर सांगा: मराठवाड्यातल्या जमिनीला असा करार नोंदवताना कलमं काय घालायची, आणि तो विम्यासाठी चालतो का? पाडव्याच्या आत करायचा आहे.